कुंडीतील बाग : एका अनिच्छुकाचा जबाब

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात झालेल्या भाषणाची संहिता)



सुवर्णमहोत्सवी भाषणांचे विषय ठरविताना कार्यकारिणीने बागकामाचा विषय माझ्याकडे सोपविला, याचे माझ्या कचेरीत पुष्कळांना नवल वाटले. तीस वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत मान घातलेला आणि बी. ए. ला इतिहास घेतलेला हा गृहस्थ झाडांविषयी काय सांगणार, ही शंका रास्त आहे. वनस्पतिशास्त्र मी शिकलेलो नाही. बागेची हौस मला कधी नव्हती आणि, खरे सांगावयाचे तर, अजूनही नाही. हौशी माणसांची भाषणे ऐकून श्रोते उत्साहाने दहा रोपे घरी नेतात आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांतली आठ दगावतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे. ज्याला हौस नाही, पण ज्याच्यावर जबाबदारी येऊन पडली आहे, अशा माणसाचा जबाब कदाचित अधिक उपयोगी पडेल, एवढ्याच भरवशावर मी येथे उभा आहे.

बंगळूरला बदली होऊन मी सरकारी वसाहतीतील तिसऱ्या मजल्यावरचे निवासस्थान ताब्यात घेतले, तेव्हा दक्षिणेकडील गॅलरीत अकरा कुंड्या होत्या. आधीचे अधिकारी दूर कोठेतरी बदलून गेले होते. पंखे, नळ, दिवे यांची यादी सही करून घ्यावी लागते. कुंड्या कोणत्याच यादीत नव्हत्या. सरकारी नोकरीत जी वस्तू यादीत नसते तिचे काय करावयाचे, हा नेहमीच मोठा प्रश्न असतो. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच संध्याकाळी त्या अकरांना पाणी घातले आणि प्रश्न निकालात निघाला. तिची स्वतःची बारावी कुंडी सामानाच्या ट्रकातून मिरजेहून आली होती. तिच्याविषयी मी पुढे बोलेन. काही महिन्यांनी सौभाग्यवतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, वाकणे आणि बादली उचलणे बंद झाले, आणि बाराही कुंड्यांचा कार्यभार माझ्याकडे आला.

बंगळूरला उद्याननगरी म्हणतात. हैदर अलीने १७६० साली लालबागेची उभारणी सुरू केली. तेथील काचघर १८८९ चे. प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तेथे भरणारी पुष्पप्रदर्शने आपण सर्वांनी पाहिली आहेत. या शहराच्या रस्त्यांवर जवळजवळ बाराही महिने कोणते ना कोणते झाड फुललेले असते, त्याच्या योजनेचे श्रेय गुस्ताव हर्मान क्रुम्बिगेल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला देतात. आपल्याला अभिमान वाटावा असा भाग म्हणजे हे क्रुम्बिगेल १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात येण्यापूर्वी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी होते. १८९८ च्या प्लेगानंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडीकडे लोक राहावयास गेले. तेथील जुन्या घरांना परस होता, परसात नारळ होता, कढीलिंब होता. ती घरे पाडून तेथे सदनिका झाल्या. परस गेला आणि कुंडी आली. तेव्हा या शहरातील बहुतेकांची बाग ही आता कुंडीतलीच बाग आहे, आणि तिला जमिनीवरील बागेचे नियम लावून चालत नाही. माझे सगळे सांगणे या एका वाक्याभोवती आहे.

जमिनीतले झाड तहानले तर मूळ खोल धाडते. कुंडीतल्या झाडाचे मूळ खाली जाते, तळाला आपटते, वळते आणि गोल फिरू लागते. त्याच्या वाट्याला जेवढे पाणी आणि जेवढे खत आपण देऊ तेवढेच. त्याचा सगळा संसार आपल्या हातात असतो, आणि आपण चार दिवस गावाला गेलो तर त्याला दुसरा वाली नसतो. येथे बदलीच्या नोकरीतल्या माणसांचा किंवा परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा दृष्टान्त देण्याचा मोह अनेक वक्त्यांना होतो. मला तो फारसा पटत नाही. आपण मंडळ काढू शकलो. कुंडीतल्या कढीलिंबाला ते शक्य नाही.

पहिली गोष्ट उन्हाची. बंगळूर सुमारे तेरा अक्षांशांवर आहे. म्हणून २४ एप्रिलच्या आणि पुन्हा १८ ऑगस्टच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांमधील जवळजवळ चार महिने दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेस असतो. पुण्याला हाच काळ मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत, म्हणजे अडीच महिन्यांचा, आणि त्यातला बराचसा ढगाळ. त्यामुळे ‘दक्षिणेची गॅलरी झाडांना उत्तम’ हे देशावर ऐकलेले वाक्य येथे वर्षातले चार महिने उपयोगाचे नाही. आमच्या दक्षिण गॅलरीत मे महिन्यात ऊन शोधून सापडत नाही, आणि स्वयंपाकघरामागच्या, भांडी घासण्याच्या अरुंद उत्तर गॅलरीत ते मुबलक असते. कुंडीला जमिनीपेक्षा एकच गोष्ट अधिक मिळाली आहे, ती म्हणजे तिला हलविता येते. माझ्या रोजनिशीत २४ एप्रिल आणि १८ ऑगस्ट या दोन तारखांना ‘बदल्या’ असा शब्द लिहिलेला असतो. मोगरा आणि तुळस उत्तरेकडे जातात आणि ऑगस्टात परत येतात. प्रवासभत्ता मिळत नाही.

दुसरी गोष्ट कुंडीच्या तळाची. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी खापऱ्यांचा किंवा खडीचा थर द्यावा, असे आपल्याकडे सर्वजण सांगतात. आमच्या गॅलरीतल्या अकराही कुंड्यांत तो होता. भौतिकशास्त्र मात्र याच्या उलट सांगते. बारीक कणांच्या मातीतून पाणी खालच्या भरड थरात सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून ओथंबली म्हणजेच ते खाली सुटते. म्हणजे चिखलाचा जो भाग कुंडीच्या तळाशी राहिला असता तो खापऱ्यांच्या थरामुळे वर सरकतो आणि मुळांच्या अधिक जवळ येतो. घरी करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. भांडी घासण्याचा ओला स्पंज आडवा धरा, टपकणे थांबू द्या आणि मग तोच उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल. मातीचा थर जितका उंच तितका निचरा चांगला. उथळ, पसरट कुंडी दिसावयास सुंदर, पण तिच्यात मुळे कुजण्याचा धोका अधिक. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी पुरे.

वजनाचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण तो जिवाशी संबंधित आहे. भारतीय मानकानुसार राहत्या घराची बाल्कनी दर चौरस मीटरला सुमारे तीनशे किलो आणि माणसांना जाता येईल अशी गच्ची सुमारे दीडशे किलो भार धरून बांधतात. अठरा इंची कुंडी ओल्या तांबड्या मातीने भरली की तिचे वजन ऐंशी किलोंच्या वर जाते. अशा दोन कुंड्या आणि एक अधिकारी एवढ्यातच गच्चीचा एक चौरस मीटर संपतो. म्हणून मातीच्या जोडीला नारळाच्या काथ्याचा भुसा, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात, तो घालावा. नारळाच्या या प्रदेशात तो स्वस्त आहे आणि पाणी धरून ठेवतो. मात्र त्यात क्षार असतात. दोनतीन पाण्यांनी धुतल्यावाचून वापरू नये. आणि त्यात अन्न जवळजवळ नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेले रोप महिनाभर छान दिसते आणि मग पिवळे पडते.

मग अन्न कोठून आणावयाचे? या प्रश्नाचे सर्वांत चांगले उत्तर मराठी माणसांनी दिलेले आहे. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते शिकवीत. ‘प्रयोग परिवार’ या नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे एक जाळे उभे केले. जमीन नसली तर ती पालापाचोळ्यातून आणि स्वयंपाकघरातल्या टाकाऊ भागातून तयार करता येते, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पद्धतीवर २००२ च्या सुमारास त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी बाग उभी केली. त्या तेथे खानपान विभागात अधिकारी होत्या. रोज निघणारा भाजीचा कचरा नेऊन टाकण्याऐवजी त्यांनी तो गच्चीवर कुजविला आणि त्यातच भाजी व फळझाडे वाढविली. एका सरकारी आस्थापनेत, कचेरीचे काम सांभाळून हे घडले, याचे मला अधिक कौतुक वाटते. कारण अशा आस्थापनेत गच्चीची किल्ली मिळविणे किती कठीण असते हे मी जाणतो.

आपल्या या शहरातही डॉ. बी. एन. विश्वनाथ या कृषिशास्त्रज्ञांनी गच्चीवरील भाजीपाल्याचा प्रसार केला आणि २०११ पासून ‘ऊट फ्रॉम युअर तोट’ असे मेळावे भरू लागले. ऊट म्हणजे जेवण आणि तोट म्हणजे बाग. २०१२ नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा करणे भाग पडले, तेव्हा पुष्कळांच्या गॅलरीत एकावर एक ठेवलेली मातीची भोकाभोकांची मडकी आली. आमच्याकडेही ती आली. भाजीची देठे, केळीच्या साली, फिल्टर कॉफीचा चोथा आणि दर थराबरोबर मूठभर कोरडा पाला. दोनअडीच महिन्यांत काळे, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारे खत मिळते. कोरडा पाला कमी पडला तर मात्र दुर्गंधी सुटते आणि खालच्या मजल्यावरून निरोप येतो. आमच्या वसाहतीत पर्जन्यवृक्षाची जुनी झाडे आहेत. त्यांचा पाला मी पोत्यात भरून नेतो, तेव्हा हाताखालची मंडळी नमस्कार करावा की नजर चुकवावी अशा पेचात पडतात.

काय लावावे, याविषयी शेजारच्या अम्मांचे मत मी प्रमाण मानतो. त्या कानडी, मी मराठी, आणि आमच्यातला समान शब्दसंग्रह मुख्यतः पालेभाज्यांचा आहे. आपला कढीलिंब म्हणजे त्यांचा करिबेवु, मयाळू म्हणजे बसळे, आणि आपल्याकडे पानओवा म्हणून भजी तळण्यापुरता ओळखीचा असलेला जाड, केसाळ पानांचा सुगंधी पाला म्हणजे दोड्डपत्रे. त्याची ताकातली थंडगार तंबुळी त्यांनी आम्हाला शिकविली. आम्ही त्यांना अळूचे फतफते दिले. ही सारी झाडे कुंडीत टिकतात, थोड्या पाण्यावर निभावतात आणि तोडली की पुन्हा फुटतात. टोमॅटो आणि भेंडी यांच्या वाटेला निदान पहिल्या वर्षी तरी जाऊ नये. लावावयाचीच असतील तर हेसरघट्ट येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या जाती पाहाव्या : ‘अर्का विकास’ टोमॅटो, ‘अर्का अनामिका’ भेंडी.

या ‘अर्का’ शब्दापाशी मला थोडे थांबावयाचे आहे. तो अर्कावती नदीवरून घेतलेला आहे. याच नदीवर हेसरघट्टचा तलाव आहे; एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या शहराला नळाचे पाणी तेथून येऊ लागले. पुढे १९३३ मध्ये त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. आज बियाण्याच्या पाकिटावर नदीचे नाव आहे, पण नदी शहराची तहान भागवीत नाही. आपल्या नळाला कावेरी येते. ती सुमारे शंभर किलोमीटरांवरून, जवळजवळ पाचशे मीटर उंच चढवून आणलेली असते. हजार लिटर पाणी पाचशे मीटर चढवावयाचे तर, गळती आणि घर्षण सोडून नुसत्या गणितानेच, १.३६ युनिट वीज लागते. आमच्या बारा कुंड्यांना उन्हाळ्यात दिवसाला सुमारे पंधरा लिटर पाणी लागे. महिन्याला साडेचारशे लिटर. हा हिशेब मी एका रविवारी मांडला, आणि त्यानंतर झारी हातात घेताना पूर्वीसारखी बेफिकिरी राहिली नाही.

पुढे २०२४ चा उन्हाळा आला. आदल्या वर्षीचा पाऊस हुकला होता, कूपनलिका आटल्या होत्या, टँकरचे भाव कडाडले होते. मार्चमध्ये जलमंडळाने पिण्याचे पाणी बागेला, मोटारी धुण्याला आणि बांधकामाला वापरण्यास मनाई केली. दंड पाच हजार रुपये. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कोणी पाहावयास येणार नव्हते, हे खरे. परंतु जन्मभर नियमांचे पालन करविणाऱ्याने नियमाला गॅलरी अपवाद मानावी, हे मला शोभले नसते. आदेश नीट वाचला. मनाई पिण्याच्या पाण्याला होती, एकदा वापरून झालेल्या पाण्याला नव्हती. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी मोजले : दोन माणसांच्या घरात दिवसाला सहासात लिटर. शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी पुष्कळ असते, पण त्यात क्षार एकवटलेले असतात. ते सतत घातले तर कुंडीच्या कडेला पांढरी पूट चढते आणि पानांच्या कडा करपतात. साबणाचे पाणी खाण्याच्या झाडांना नको. म्हणजे पंधरा लिटरांची मागणी आणि सात लिटरांचा पुरवठा. यादी करणे आले.

यादी करण्यात मी निष्णात आहे, असा माझा समज होता. शेवंतीच्या दोन कुंड्यांचा बहर संपला होता. त्या रिकाम्या केल्या. दोन क्रोटन, एक शोभेचा ताड आणि जास्वंद खाली वसाहतीच्या आवारात जमिनीत लावली. त्यांतली जास्वंद मे महिन्यात फुलली. तिची मुळे कोठवर पोहोचली कोण जाणे, पण तेच झाड कुंडीत असते तर त्या महिन्यात खचित गेले असते. तुळस, कढीलिंब, दोड्डपत्रे, गवती चहा आणि मयाळू ठेवली. बाराव्या कुंडीपाशी यादी थांबली.

ती मोगऱ्याची. सौभाग्यवतींच्या माहेरी, मिरजेच्या घराच्या परसात मोगऱ्याचा एक जुना वेल होता. आई गेल्यावर घर परसासकट विकले गेले, आणि नव्या मालकांनी तेथे इमारत बांधली. विक्रीच्या आधी तिने वेलाची एक फांदी वाकवून मातीत दाबून ठेवली होती. तिला मुळे फुटल्यावर ते रोप कुंडीत आले. माहेरचे एवढेच उरले आहे. मोगऱ्याला ऊन हवे, आणि ऐन मार्चमध्ये, कळ्यांच्या दिवसांत, पाणीही भरपूर हवे. सहा कुंड्यांना सात लिटर, त्यात तो दुपारीच मान टाकी. सौभाग्यवतींनी माझ्याजवळ नळाच्या पाण्याचा विषय एकदाही काढला नाही. फक्त त्या दिवसांत ती तांदूळ तीनऐवजी चार पाण्यांनी धुऊ लागली, असा मला संशय आहे. मी तो नोंदविला नाही.

मोगरा मी कठड्यापासून आत, भिंतीच्या सावलीत घेतला. कुंडीच्या तोंडावर चार बोटे जाड पाला पसरला, मोठ्या रिकाम्या कुंडीत ती कुंडी ठेवली आणि मधल्या पोकळीत ओला काथ्या भरला. पाणी पहाटेच घालू लागलो. तरीही एप्रिलच्या मध्यास पाने गळाली. एप्रिल कोरडाच गेला. पारा अडतीस अंशांच्या वर पोहोचला, आणि या शहराच्या मानाने ही उष्णता मोठी होती. महिन्याच्या अखेरीस कुंडीत फक्त काटक्या होत्या. एक काटकी नखाने खरवडून पाहिली. आत हिरवे होते. ती खूण मी सौभाग्यवतींना दाखविली. तिने चष्मा लावून पाहिले आणि ‘बरं’ एवढेच म्हणाली.

मेच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. २ जूनला तर एका दिवसात ११० मिलिमीटरांहून अधिक पडला आणि कुंड्यांखालच्या बशा उपसण्याची पाळी आली. त्या वर्षी डेंग्यूची साथ मोठी होती, म्हणून तेव्हापासून बशा आम्ही काढूनच टाकल्या आहेत, आपणही काढाव्यात. जूनच्या अखेरीस मोगऱ्याला बुंध्यापासून फुटवे आले. त्यांतल्या दोन फांद्या मी वाकवून शेजारच्या कुंड्यांत दाबल्या. एक रुजली. ती आता पुण्यास मुलीकडे, पूर्वेच्या गॅलरीत आहे. दुसरी कुजली. नंतरच्या पावसाळ्यात आणखी तीन दाबल्या. त्यांतल्या दोन लागल्या. त्यांपैकी एक शेजारच्या अम्मांनी आपल्या गावी, तुमकूरजवळ, चक्क जमिनीत लावली आहे.

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी कावेरीच्या पाचव्या टप्प्याचे उद्घाटन झाले. आमच्या कुंड्या मात्र अजून सातच आहेत, आणि तांदळाचे पाणी बादलीतच जाते. आधीच्या अधिकाऱ्यांच्या रिकाम्या कुंड्या गॅलरीच्या कोपऱ्यात एकावर एक रचल्या आहेत. कोणास हव्या असल्यास पावतीशिवाय मिळतील.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. दारापाशी टेबलावर दोड्डपत्रेच्या चाळीसएक फांद्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या आहेत. त्यांची मुळे नाहीत, म्हणून कोणी शंका घेऊ नये. खालची चार पाने काढावी, एक दिवस सावलीत सुकू द्यावी आणि मग सरळ मातीत खोचावी. आठवडाभर पाणी बेताने. मोगऱ्याची एकच कुंडी आणली आहे. ती कोणाला द्यावयाची हे सौभाग्यवती ठरवतील, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.